चार नळ्या एक होतात, त्याच्या पुढे

आधीच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तो इंजिनीअरिंगला, जिथे दहावीनंतर कुणी निबंध लिहायला सांगत नाही. शिवाय सांगायचं आहे तेही फार छोटं आहे. गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर कुठे बसवायचा, एवढाच विषय. अंगठ्याएवढी वस्तू. यात लिहिण्यासारखं काय, असं वाचणाऱ्याला वाटलं तर त्याचं चुकणार नाही. पण आजवरच्या आयुष्यात मी स्वतः ठरवलेल्या आणि मग कुणी काही म्हटलं तरी सोडल्या नाहीत अशा गोष्टी शोधायला गेलो, तर मला ही एकच सापडते. म्हणून लिहितोय. सांभाळून घ्या.

माझं कॉलेज अंधेरीला. कँटीनच्या मागे पत्र्याचं एक गॅरेज आहे. तिथे आमची मुलं दर वर्षी एक छोटी रेसची गाडी बनवतात, एका माणसाची, उघडी, मोटरसायकलचं इंजिन लावलेली. मग ती ट्रकवर चढवून दक्षिणेत स्पर्धेला नेतात. तिथे देशभरातल्या कॉलेजांच्या गाड्या येतात. वेगाची परीक्षा असते, ब्रेकची असते, आणि सगळ्यात शेवटी एक लांब पल्ल्याची धाव असते. त्या धावेत गाडी न थांबता सगळ्या फेऱ्या पूर्ण करून आली, तर वर्षाचं चीज झालं.

पहिल्या वर्षी मी त्या गॅरेजात शिरलो तेव्हा माझं काम सुटे भाग रॉकेलने धुणं एवढंच होतं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्या वर्षी लांब पल्ल्याच्या धावेत आमचं इंजिन जळलं. चार सिलिंडरांपैकी एकाचा पिस्टन वितळून त्याला भोक पडलं होतं. गाडी परत आल्यावर इंजिन उघडलं तेव्हा मी टॉर्च धरून उभा होतो. आमच्या विभागातले जे सर टीमचं बघतात, त्यांनी तो पिस्टन हातात घेतला, भोकातून बोट आरपार घातलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा इंजिन जळालं तर टीम बंद. हे गॅरेज रोबोटवाल्या मुलांना देऊन टाकणार. ते निदान काही जाळत नाहीत."

सर उगाच बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

इंजिन का जळलं, याचा शोध सगळे घेत होते. त्या वेळचा सेन्सर चार नळ्यांपैकी एकाच नळीवर बसवलेला होता. म्हणजे त्याला एकाच सिलिंडरचं कळत होतं. तो सिलिंडर व्यवस्थित पेट्रोल घेत होता आणि शेजारचा उपाशी होता. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आतलं तापमान वाढत जातं, आणि मग पिस्टन असा वितळतो. सेन्सर खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्याने सांगितलं.

दुसऱ्या वर्षी टीमची कॅप्टन झाली ती शेवटच्या वर्षातली एक मुलगी. मुलुंडची, आईवडील दोघंही ऑफिसात, घरात पुस्तकांचं कपाट. मी तिला सुरुवातीला मॅडम म्हणायचो.

"मॅडम कुणाला म्हणतोस रे? मी काय लेक्चर घेते?"

"नाही, तुम्ही सीनियर..."

"तू म्हण. नाहीतर मी तुला साहेब म्हणायला लागेन, मग बघ कसं वाटतं ते."

तिने खरंच दोन दिवस मला साहेब म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी तू म्हणायला लागलो.

कामं वाटायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "एक्झॉस्ट तुझ्याकडे. नळ्या, सायलेन्सर, सेन्सर, सगळं. सेन्सर कुठला घ्यायचा ते तू ठरव, कुठे बसवायचा तेही तूच ठरव. फक्त कारण सांगायचं. 'असंच वाटलं' चालणार नाही."

मी हो म्हटलं आणि घरी जाताना मेट्रोत विचार करत राहिलो की हिने माझ्यात काय पाहिलं. मग लक्षात आलं, मागच्या वर्षी त्या नळ्या मीच धुतल्या होत्या. दुसऱ्या कुणी त्या आतून बघितल्याच नव्हत्या.

आमचं घर घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. बाबा पवईच्या एका ऑफिसच्या इमारतीत हाउसकीपिंगला सुपरवायझर आहेत. आई घावणे आणि मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी घेते. मी ओट्याशेजारी बसून सेन्सरबरोबर मिळणारी माहितीपत्रकं मोबाइलवर वाचायचो. ती इंग्रजीत. एकेका वाक्याला मला वेळ लागतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. वेळ लागतो म्हणून ते वाक्य डोक्यात बसतं.

आईने विचारलं, "काय वाचतस रे झिला एवढा?"

मी तिला सांगितलं. इंजिनमधून जो धूर बाहेर पडतो, त्यात ऑक्सिजन किती उरला आहे हे एक यंत्र मोजतं. ऑक्सिजन उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं. अजिबात उरला नाही म्हणजे पेट्रोल जास्त झालं. ते इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवायचं, मग तो पेट्रोल कमीजास्त करतो.

"म्हणजे वास घेता ता."

"तसंच समज."

"मगे शेगडीचा काय वेगळा? बर्नर तुंबलो की ज्योत पिवळी, आणि टोपाक काजळी. ह्या तुमका कॉलेजात शिकवक लागता?"

मी हसलो. पण तिचं बरोबर होतं, आणि मला त्या दिवशी एक गोष्ट स्पष्ट झाली. सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. एक साधा, जो फक्त ज्योत पिवळी की निळी एवढंच सांगतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. दुसरा किती पिवळी, किती निळी, हेही सांगतो. रेसच्या गाडीला कधी मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल द्यावं लागतं, कारण त्याने इंजिन थंड राहतं. थोडं म्हणजे किती, हे साध्या सेन्सरला सांगता येत नाही. आम्हाला दुसराच हवा होता.

कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात तोही मिळतो, भंगारात गेलेल्या परदेशी गाड्यांमधून काढलेला. टीममधले दोघं म्हणाले, तोच घेऊ. मी बाजारात जाऊन चारपाच सेन्सर हातात घेऊन बघितले. टोकाला जाळीची टोपी असते, तिच्या रंगावरून बरंच कळतं. काहींवर काळी काजळी होती. ती जळून जाते, तिचं एवढं काही नाही. दोन सेन्सरांवर मात्र पांढरट थर होता. इंजिनचे सांधे बुजवायला कुणी चुकीचं सिलिकॉन वापरलं असेल तर त्याची वाफ सेन्सरवर असा थर धरते, आणि मग तो सेन्सर कामातून जातो. उरलेले स्वच्छ दिसत होते, पण कुठल्या गाडीत किती वर्षं भाजून निघालेत, कोण सांगणार. मी कॅप्टनला फोन करून सांगितलं, नवा घ्यायचा. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, "जुना खोटं बोलायला लागला तर आपल्याला कळणार नाही. इंजिन जळल्यावर कळेल."

"पुरे. नवा घे," ती म्हणाली.

आता जागा. इथे खरी वादावादी झाली.

सरांसमोर आढावा होता. प्रत्येकाने आपापलं काम इंग्रजीत मांडायचं. मी उभा राहिलो, पहिलं वाक्य नीट गेलं, दुसरं अर्ध्यात अडकलं. मला सगळं माहीत होतं, फक्त शब्द येत नव्हते. सर म्हणाले, "मराठीत बोल. इंजिनला भाषा नसते."

मग मी बोललो. सेन्सर इंजिनच्या तोंडाशी बसवला तर उष्णतेने भाजून मरेल, आणि मागच्या वर्षीसारखं त्याला एकाच सिलिंडरचं कळेल. फार मागे, शेपटाकडे बसवला तर धूर थंड झालेला असतो, आणि इंजिन हळू चालताना बाहेरची हवा उलटी आत शिरते. तीही सेन्सर मोजतो आणि फसतो. म्हणून चार नळ्या जिथे एक होतात, तिथून दोन वीत पुढे. तोवर चौघांचा धूर नीट मिसळलेला असतो.

कॅप्टन म्हणाली, "एक मिनिट. चौघांचा मिसळला म्हणजे सरासरी आली. एक उपाशी आणि एक जास्त खाणारा असेल, तर सरासरी बरोबरच दिसेल ना?"

प्रश्न चोख होता. मी म्हटलं, "दिसेल. म्हणून एकट्या सेन्सरवर राहायचं नाही. प्रत्येक वेळी गाडी पळवली की चारही सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून बघायचे. प्लगवर काजळी असेल तर जास्त खातोय, पांढरा भाजलेला असेल तर उपाशी आहे."

सरांनी मान हलवली. मला वाटलं झालं. पण खरा वाद पुढेच होता. कॅप्टनचं म्हणणं, सेन्सर नळीच्या खालच्या बाजूने बसवू. वरच्या बाजूला ड्रायव्हरच्या सीटचे पाइप आहेत, तिथे हात जात नाही, वायर न्यायला अडचण. खाली मोकळी जागा आहे, दिसायलाही नीटनेटकं.

मी म्हटलं, "खाली नको. वरूनच, थोडा तिरपा. घड्याळात दहा ते दोनच्या मधे कुठेही."

"का?"

"पाणी."

"नळीत कुठलं पाणी? पेट्रोल जळतंय आत."

"पेट्रोल जळलं की पाणी होतंच. नळी थंड असते तोवर ते आत तळाशी साचतं. सेन्सरच्या आत लालबुंद तापलेली चिनी माती असते. तिच्यावर थेंब पडला की तडकते."

"किती पाणी असणार आहे? चमचाभर?"

मी तिला म्हटलं, उद्या सकाळी गाडी सुरू कराल तेव्हा मला बोलवा. दुसऱ्या दिवशी मी घरून स्टीलची ताटली आणली होती. इंजिन सुरू केलं आणि नळीच्या शेपटाखाली ताटली धरली. आधी वाफ आली, मग थेंब, मग चांगली धार म्हणता येईल असं काळपट पाणी. ताटलीचा तळ झाकला गेला.

कॅप्टनने ताटलीत बोट बुडवलं. "आयला," ती म्हणाली, आणि सीटचे पाइप थोडे वाकवायला सांगितले.

वाकोल्याला एक सायलेन्सरवाले आहेत, तिथे मी नळी घेऊन गेलो. सेन्सर बसायला आटे पाडलेलं एक जाड लोखंडी कडं नळीवर वेल्ड करावं लागतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते वाकडं होऊ नये म्हणून मी कुर्ल्याहून एक मेलेला सेन्सर घेऊन ठेवला होता, तो कड्यात फिरवून ठेवला आणि मग वेल्ड करायला सांगितलं. दुकानदार म्हणाले, "हा खराब झाला तर?" मी म्हटलं, हा आधीच मेलाय काका. ते म्हणाले, "मग ठीक. मेलेल्याला काय जाळायचं ते जाळू," आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. कडं सरळ बसलं. नवा सेन्सर मी हाताने फिरवला तेव्हा तो शेवटपर्यंत अलगद गेला. ते मला अजून बोटांत आठवतं.

पहिल्या दिवसापासून आकडे छान येत होते. सेन्सर म्हणेल तसं पेट्रोल द्यायचं, गाडी कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर पळवायची, चारही प्लग काढून बघायचे. प्लग हलके तपकिरी. सगळे खूश. मीही होतो, पण मागच्या परीक्षेत गणितात नापास होऊन मला केटी लागली होती, आणि तिचा पेपर नेमका स्पर्धेच्या आठवड्यात आला होता. म्हणजे गाडी जाईल, मी जाणार नाही. हे ठरल्यावर मी काही दिवस गॅरेज सोडून अभ्यासाला लागलो.

परत गेलो तेव्हा गॅरेजात शांतता होती. अशी शांतता मी मागच्या वर्षी बघितली होती.

"सेन्सर म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय," कॅप्टन म्हणाली. "आम्ही वाढवत गेलो. तरी म्हणतोय कमी. परत वाढवलं. आता हे बघ."

तिने चार प्लग फडक्यावर मांडले. चारही काळे, ओल्या काजळीने माखलेले. शेगडीवरच्या टोपासारखे. सेन्सर म्हणत होता इंजिन उपाशी आहे, आणि प्लग म्हणत होते इंजिनला अजीर्ण झालंय.

"जागा चुकली आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "उद्या ट्रक निघणार. आज संध्याकाळपर्यंत नळी कापून सेन्सर पुढे घेऊ शकतो. तू सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यात सरही होते. ते दारात उभे होते.

मी जागेचा पुन्हा विचार केला. खरंच केला. आणि उत्तर तेच आलं. मी म्हटलं, "जागा बरोबर आहे. पहिले कितीतरी दिवस आकडे आणि प्लग जुळत होते. नळी हलली नाही, जागा हलली नाही. दुसरं काहीतरी बदललंय."

"काय?"

"माहीत नाही. दुपारपर्यंत वेळ द्या. नाही सापडलं तर कापा."

आधी मला वाटलं जोड कुठेतरी गळत असेल. गळत्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो पेट्रोल कमी म्हणून ओरडतो. नळीचं शेपूट फडक्याने बंद करून उलटी हवा भरली, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. मग सेन्सर काढून टोपी बघितली. काजळी होती, पांढरा थर नव्हता. मग वायरचा माग काढत मागे गेलो. नळीपासून सीटखालून जिथे ती कॉम्प्युटरच्या वायरीला जोडली जाते, त्या जोडापाशी पोचलो.

जोड दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक गुळगुळीत पांढरा गोळा होता, वरून काळी टेप, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे झिप टाय आवळलेले. इतकं सुबक काम की बघत राहावं.

"हे कधी केलं?"

आमचा वायरिंगवाला पुढे आला. बोरिवलीचा मुलगा, तळमजल्यावर राहणारा. हसतमुख. "परवा. ट्रकवर चार राज्यं ओलांडून जाणार ना गाडी, रस्त्यात पाणी लागलं तर? सगळेच जोड सिलिकॉनने सील केले. आमच्याकडे बाबा दर मे महिन्यात मीटरपासून बेलच्या बटणापर्यंत सगळं सील करतात. बाइकचा प्लगसुद्धा."

"मीच म्हटलं त्याला, झकास झालंय," कॅप्टन म्हणाली. "सगळ्यांनीच म्हटलं."

म्हणणारच. आमच्या शहरात वाढलेल्या कुणालाही हे बघून बरंच वाटलं असतं. मी तिथे असतो तर मीही म्हटलं असतं की नाही, सांगता येत नाही. इथे एखाद्या वस्तूची काळजी घेणं म्हणजे तिच्यात पाणी जाऊ न देणं. आम्ही घरावर ताडपत्री घालतो, चपलांना पिशवी घालतो, मोबाइलला पिशवी घालतो. हवा जायला जागा ठेवली पाहिजे, हे आमच्या मनात येतच नाही.

पण माहितीपत्रकात एक ओळ होती. तिच्यावर मी बराच वेळ अडकलो होतो, म्हणून ती माझ्या लक्षात होती. सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून बघतो. ती बाहेरची हवा त्याला वायरीच्या आतल्या बारीक पोकळीतून मिळते, जोडापासून सेन्सरपर्यंत. म्हणून तो जोड कधीही हवाबंद करू नका, ग्रीस लावू नका.

मी ते मराठीत सांगितलं. "याचं नाक नळीत आहे, पण श्वास इथून घेतो. आपण इथे तोंड दाबलंय. ताडून बघायला चांगली हवाच नाही, मग त्याला धुरात ऑक्सिजन जास्त वाटणार. तो पेट्रोल कमी म्हणणार."

वायरिंगवाल्याचा चेहरा उतरला. "वाट लावली का रे मी?"

"तू वाट नाही लावलीस. तू त्याला रेनकोट घातलास. डोक्यावरून," कॅप्टन म्हणाली, आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

त्यानेच ब्लेडने तो गोळा सोलून काढला, अगदी हळू, एकेक पापुद्रा. जोड उघडला, पिना पुसल्या. पाण्यासाठी वेगळा उपाय केला. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून जोडावर छपरासारखा बसवला, खालून उघडा. मग इंजिन सुरू केलं. सेन्सर तापायला जरा वेळ घेतो. आकडा लॅपटॉपच्या पडद्यावर आला आणि सरकत सरकत प्लग जे सांगत होते तिकडे गेला. पेट्रोल जास्त, खूप जास्त.

आम्ही वाढवलेलं सगळं पेट्रोल परत काढलं, नवे प्लग घालून गाडी पळवली. प्लग तपकिरी आले. सर दारातून निघून गेलेले होते. कधी गेले कुणी बघितलं नाही.

तरी एक शंका राहिली होती. जोडाला लावलेलं सिलिकॉन वायरीच्या पोकळीतून वाफेने सेन्सरपर्यंत गेलं असेल का? गेलं असेल तर आज बरा दिसणारा सेन्सर लांब पल्ल्यात, चांगला तापल्यावर पुन्हा बिघडू शकत होता. दुसरा सेन्सर आमच्याकडे नव्हता आणि मागवायला वेळही नव्हता.

ट्रक निघायच्या आधी कॅप्टनने मला बाजूला घेतलं. "खरं सांग. खात्री आहे?"

"जागेची आहे. सेन्सरचं तिकडे कळेल."

"आणि कळलं नाही तर?"

"प्लग बघ. दोघांचं जुळलं नाही तर प्लगवर विश्वास ठेव."

"तू असायला हवा होतास यार."

"केटी," मी म्हटलं.

"तुझी केटी गेली खड्ड्यात," ती म्हणाली, आणि मग लगेच, "नाही, तसं नाही. नीट दे पेपर."

त्या आठवड्यातले दिवस मी गणितं करत काढले असं म्हणता येणार नाही. गणितं समोर असायची. रोज संध्याकाळी ग्रुपवर फोटो यायचे. गाडीची तपासणी झाली. ब्रेकची परीक्षा झाली. वायरिंगवाल्याने त्या बाटलीच्या छपराचा फोटो टाकला, वर लिहिलं, आमचा बंगला. तपासणीवाल्यांनी त्याला नावं ठेवली पण चालवून घेतलं. सेन्सरबद्दल कुणी काही लिहीत नव्हतं आणि मी विचारत नव्हतो.

बाबा कामावरून आले की विचारायचे, "गाडीचं काय?" मी सांगायचो, अजून नाही. ते हातपाय धुवायला जायचे. बाबांना त्या सेन्सरचं नाव अजूनही नीट घेता येत नाही, पण पिस्टनला भोक पडल्याची गोष्ट त्यांना पाठ आहे. ती त्यांनी पवईतल्या वॉचमनलाही सांगितली आहे.

लांब पल्ल्याची धाव आणि माझा पेपर एकाच दिवशी आले. तिकडे ट्रॅकच्या बाजूला मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणजे संपेपर्यंत काही कळणार नव्हतं. एका अर्थी बरंच झालं. मी पेपर लिहिला. बरा गेला. वर्गाबाहेर येऊन पिशवीतून मोबाइल काढला, सुरू केला. काही नाही. मेट्रोत बसलो, काही नाही. मी हिशेब मांडत होतो की आता आमची गाडी कितव्या फेरीत असेल, इंजिन किती तापलं असेल, त्या चिनी मातीत काय चाललं असेल. मग तेही सोडून दिलं. जेवढं मला ठरवायचं होतं तेवढं मी ठरवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. निकाल काहीही आला तरी ते चुकीचं ठरणार नव्हतं. असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

असल्फ्याला उतरलो, टेकडीच्या पायऱ्या चढायला लागलो. नळावर बायकांची गर्दी होती, आई तिथेच हंडा लावून उभी होती. तिने नुसती भुवई उडवली. मी मान हलवली, नाही आलं काही. आणि तेवढ्यात फोन वाजला.

कॅप्टनचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. मागे कसलातरी भोंगा वाजत होता.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. बोल."

"शेवटून चौथे आलो."

मी पायरीवर टेकलो.

"अरे, शेवटून चौथे म्हणजे आलो ना. पूर्ण केली. सगळ्या फेऱ्या. कितीतरी गाड्या मधेच बंद पडल्या."

"इंजिन?"

"चालवत आणलं. आत्ता बंद केलं."

"आणि सेन्सर?"

"पहिल्या फेरीपासून शेवटच्यापर्यंत एका रेषेत. सर सगळे आकडे बघत बसलेत. थांब, त्यांना तुला काहीतरी सांगायचंय म्हणे. नको म्हणतायत, 'तूच सांग' म्हणतायत. ऐक. रोबोटवाल्यांना दुसरी खोली बघायला सांगितलीय त्यांनी. गॅरेज आपल्याकडेच राहतंय."